पाठीच्या मध्यरेषेवरचं बारीक छिद्र: कुत्र्यांमधल्या जन्मजात गाठी आणि डर्मॉइड सायनसबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात कुत्र्या-मांजरांची डॉक्टर आहे. कातडीतल्या जन्मजात गाठी काही रोज बघायला मिळत नाहीत. पण मिळतात तेव्हा बहुतेक वेळा त्या आधीच कुणीतरी दाबलेल्या, पिळलेल्या, कधी चिरलेल्याही असतात. म्हणून हे जरा सविस्तर लिहिते आहे. सर्वात जास्त जागा डर्मॉइड सायनसला, म्हणजे कातडीतून आत कण्याकडे जाणाऱ्या जन्मजात नळीला, दिली आहे, कारण चूक तिथेच महागात पडते.

मॅडम, पिल्लाच्या मानेवर फोड आलाय. पिकू द्यायचा की फोडायचा?

दोन्ही नको. आधी फोड नेमका कुठे आहे ते बघा. पिल्लाला उभं करा आणि दोन कानांच्या मधून निघून कण्यावरून शेपटीच्या मुळापर्यंत जाणारी एक सरळ रेघ मनात धरा. फोड या रेघेवर बसत असेल तर त्याला दाबू नका, डॉक्टरांना दाखवा. रेघेपासून बाजूला असेल तर गोचीड चावल्याची गाठ, दुसऱ्या पिल्लाचा दात लागून झालेलं गळू, नाहीतर माळावर फिरून आल्यावर कातडीत घुसलेलं कुसळ अशी साधी कारणं जास्त संभवतात. तीही दाखवायची असतातच, फक्त त्यांची जात वेगळी.

लस टोचल्यावर येणारी सूज मात्र गोंधळात टाकते, कारण ती बरोबर मानेच्या मागेच येते. ती सूज लस दिल्यानंतर आलेली असते आणि हळूहळू विरून जाते. जन्मजात गाठ विरत नाही.

मी नवखी असताना एका बॉक्सर पिल्लाच्या मानेवरचा असाच ‘फोड’ चिरला, धुतला, अँटिबायोटिक दिलं आणि घरी पाठवलं. जखम भरली. तीन आठवड्यांनी तिथूनच पुन्हा पू आला. पुन्हा तेच केलं. तिसऱ्या खेपेला माझ्या वरिष्ठांनी तिथले केस काढले, कातडी चिमटीत उचलली आणि माझी बोटं तिथे ठेवली. कातडीखालून कण्याकडे जाणारी एक दोरी बोटांना लागली. ते पिल्लू पुढे नीट बरं झालं, पण मधले सहा आठवडे त्याने उगाच सोसलं. तेव्हापासून मध्यरेषेवरचा एकही फोड मी केस काढून चाचपल्याशिवाय सोडलेला नाही.

डर्मॉइड सायनस म्हणजे नेमकं काय?

गर्भ अगदी लहान असतो तेव्हा पुढे कातडी होणारा थर आणि पुढे मेंदू व मज्जारज्जू होणारा थर एकच असतो. हा थर पाठीच्या बाजूला आत वळतो, त्याची नळी होते, नळी मिटते आणि वरच्या कातडीपासून सुटी होऊन खाली जाते. तीच मज्जारज्जूची सुरुवात. ती सुटी होताना एखाद्या जागी कातडीचा धागा तुटलाच नाही, तर वरून खाली जाणारी कातडीची बारीक नळी तशीच राहून जाते. हा डर्मॉइड सायनस.

नळी आतून कातडीचीच असते. त्यामुळे कातडी जे करते ते सगळं ती करते: केस उगवतात, तेलकट स्राव सुटतो, मेलेल्या पेशींचा भुगा साचतो. बाहेर हे सगळं झडून जातं, आंघोळीत धुतलं जातं. आत कुठे जाणार? साचतं, फुगतं, जंतू शिरले की पू होतो. वरच्या बारीक तोंडातून कधी राखाडी, चीजसारखा लगदा येतो, कधी केसांचा झुपका डोकावतो. मालक म्हणतात, ‘फोडातून केस कसे उगवले?’ उलट आहे. केस आधीपासून होते, फोड नंतर झाला.

मग सिस्ट आणि सायनस यांत फरक काय?

सायनसला बाहेर तोंड असतं, सिस्ट म्हणजे बंद पिशवी. डर्मॉइड सिस्ट हीसुद्धा जन्मजातच आणि आतून तशीच केसांची, तेलाची. फक्त ती कातडीखाली मिटलेली राहते, म्हणून हाताला गोल, सरकणारी गाठ लागते. कुत्र्यांमध्ये नुसत्या ‘सिस्ट’ म्हणून ज्या गाठी आपण बघतो त्यांतल्या बऱ्याचशा जन्मजात नसतात. केसाच्या मुळाशी तोंड बंद होऊन झालेल्या असतात, मोठ्या वयात येतात आणि अंगावर कुठेही येतात. त्या त्रासदायक असतील, पण त्यांचा कण्याशी संबंध नसतो. म्हणून मी पुन्हा पुन्हा मध्यरेषेबद्दल विचारते.

घरी कसं तपासायचं?

हे तुम्ही नक्की करू शकता आणि करावं. पिल्लू खाऊन सुस्त झालेलं असताना मांडीवर घ्या. कानांच्या मागे, मानेच्या सुरुवातीला कातडी अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत उचला आणि हळूहळू मागे सरकत जा: मान, खांदे, पाठ, कंबर, शेपटीचं मूळ. निरोगी पिल्लाची कातडी सैल असते, सहज उचलली जाते, बोटांमधून घरंगळते. सायनस असेल तर एका जागी ती खालून धरून ठेवल्यासारखी वाटते. कातडी वर ओढली की तिथे बारीक खळी पडते आणि चिमटीत जाड दोऱ्यासारखं काहीतरी लागतं. शिजलेल्या शेवईच्या जाडीचं म्हणा, कधी त्याहून बारीक.

मग उजेडात केस बाजूला करून बघा. सुईच्या टोकाएवढं छिद्र, त्यातून बाहेर आलेले दोन-चार केस, किंवा नुसताच केसांचा उलटा भोवरा. काळ्या, दाट केसांच्या पिल्लात हे दिसत नाही, तिथे बोटांवरच भरवसा ठेवायचा.

एकदा तपासून भागत नाही. अगदी लहान पिल्लात नळी इतकी बारीक असते की जाणकारांच्या हातूनही निसटते. ज्या जातींत हा दोष मुळातच जास्त आहे तिथले जबाबदार ब्रीडर जन्मापासून पिल्लू घरी जाईपर्यंत पुन्हा पुन्हा तपासतात. आणि एक सापडला म्हणून थांबू नका, एका पिल्लात दोन किंवा जास्त सायनसही असतात.

हे कोणत्या जातींत होतं?

सर्वात जास्त रोडेशियन रिजबॅकमध्ये. थाई रिजबॅकमध्येही. त्यांच्याखेरीज शिह त्झू, बॉक्सर, सायबेरियन हस्की, यॉर्कशायर टेरियर, कॉकर स्पॅनियल, चाऊ चाऊ, गोल्डन रिट्रीव्हर अशा बऱ्याच जातींत तुरळक नोंदी आहेत. आपल्या शहरांत यांतल्या शिह त्झू, हस्की आणि गोल्डन भरपूर आहेत, म्हणूनच हे मराठीत लिहिण्याला अर्थ आहे. गावठी किंवा मिश्र जातीच्या कुत्र्यात होणारच नाही असंही नाही. मध्यरेषेवरचा फोड असेल तर जात बघून निर्धास्त होऊ नका.

रिजबॅकमध्येच एवढं का?

याचं उत्तर मला या सगळ्या विषयातलं सर्वात महत्त्वाचं वाटतं, म्हणून जरा लांब जाते.

रिजबॅकच्या पाठीवर कण्याच्या बाजूने केसांचा एक पट्टा असतो, त्यातले केस उलट्या दिशेने वाढतात. हाच तो ‘रिज’. दक्षिण आफ्रिकेतल्या खोईखोई लोकांच्या शिकारी कुत्र्यांना असा पट्टा होता. युरोपीय वसाहतवाल्यांच्या कुत्र्यांशी त्यांचा संकर झाला, सिंहाच्या मागावर धावणारी कुत्री म्हणून ती नावाजली, आणि १९२२ मध्ये बुलावायो इथे, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेमध्ये, या जातीचं पहिलं मानक लिहिलं गेलं. त्या मानकात पट्टा ही जातीची ओळख ठरली. पट्टा हवा, सरळ हवा, त्याच्या वरच्या टोकाला दोन भोवरे समोरासमोर हवेत.

२००७ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी या पट्ट्याचं जनुकीय कारण शोधलं. कुत्र्याच्या १८ व्या गुणसूत्रावरचा साधारण डीएनएच्या १ लाख ३३ हजार अक्षरांचा एक तुकडा या कुत्र्यांत दोनदा आलेला असतो. त्या तुकड्यात गर्भाच्या वाढीला दिशा देणारी एफजीएफ ३, एफजीएफ ४ आणि एफजीएफ १९ ही जनुकं आहेत. जास्तीची प्रत आली की पाठीवरच्या केसांची दिशा बदलते, पट्टा तयार होतो. आणि तीच जास्तीची प्रत डर्मॉइड सायनसलाही वाट करून देते. थाई रिजबॅकमध्येही हीच दुप्पट सापडली.

आता हिशोब बघा. पट्टा येण्यासाठी आई किंवा बाप यांपैकी एकाकडून ही दुप्पट मिळाली तरी पुरते. दोघांकडून मिळाली तरी पट्टा तसाच दिसतो, बाहेरून काही फरक कळत नाही. पण सायनसचा धोका दोन्हीकडून मिळालेल्या पिल्लांत कितीतरी जास्त असतो. दोन पट्टेवाली कुत्री, प्रत्येकाकडे एकेक प्रत आहे असं धरू, एकमेकांना लावली आणि आठ पिल्लं झाली, तर सरासरीने दोन पिल्लं बिनपट्ट्याची, चार एका प्रतीची आणि दोन दुहेरी प्रतीची होतात. बिनपट्ट्याच्या पिल्लांत हा दोष जवळजवळ होतच नाही. म्हणजे जे पिल्लू या बाबतीत सर्वात निरोगी, तेच मानकाने ‘सदोष’ ठरवलं. पूर्वी अनेक ब्रीडर अशी बिनपट्ट्याची पिल्लं जन्मल्या जन्मल्या मारून टाकत. ब्रिटनमध्ये २००८ च्या सुमाराला बीबीसीवर हे दाखवलं गेलं आणि लोक हादरले, तेव्हा कुठे या जातीच्या ब्रीडर क्लबांच्या नियमांवर उघड चर्चा झाली.

माझं मत स्पष्ट आहे. पट्टेवाल्या कुत्रीला बिनपट्ट्याचा कुत्रा लावला तर सरासरीने निदान अर्धी पिल्लं पट्ट्याची होतील (तिच्याकडे दोन प्रती असल्या तर सगळीच), दुहेरी प्रतीचं एकही होणार नाही. असं जोडपं जुळवण्याला अडवणारी गोष्ट फक्त प्रदर्शनातला पट्टा आहे. स्वीडनमधल्या रिजबॅकमध्ये ८ ते १० टक्के पिल्लांत सायनस आढळल्याचं तिथल्या अभ्यासात आलं होतं. दहातल्या एका पिल्लाची मान चिरावी लागणं ही एका केसांच्या रेषेची किंमत मला फार जास्त वाटते.

आमचा शिह त्झू आहे, त्याला पट्टा नाही. मग त्याला का झालं?

रिजबॅकचं कारण त्यांच्या जनुकातलं आहे, ते इतर जातींना लागू पडत नाही. शिह त्झू, हस्की वगैरेंमध्ये गर्भाची नळी सुटी होताना चूक झाली एवढंच सांगता येतं. तुम्ही कुत्रीला गाभण असताना काय खायला घातलं, ग्रहणात बाहेर सोडलं का, असलं काही मनाला लावून घेऊ नका. हा प्रश्न मला खरोखर विचारला गेला आहे, आणि विचारणाऱ्या काकूंच्या डोळ्यांत पाणी होतं.

किती खोल असतं हे?

१९६६ मध्ये मॅन आणि स्ट्रॅटन या संशोधकांनी रिजबॅकमधल्या सायनसचे खोलीनुसार तीन प्रकार पाडले, पुढे इतरांनी त्यांत भर घातली. तुमच्या हातात रिपोर्ट येईल तेव्हा समजावं म्हणून थोडक्यात सांगते.

पहिल्या प्रकारात नळी मणक्यांवरून जाणाऱ्या अस्थिबंधापर्यंत पोचते. मानेत हा बंध जाड, दोरखंडासारखा असतो. दुसऱ्यात नळी अलीकडेच संपते, पण तिच्या टोकापासून तंतूंचा एक धागा त्या बंधापर्यंत जातो. तिसऱ्यात तोही धागा नसतो, सगळा मामला कातडीखालीच. चौथा खरा धोक्याचा: नळी मणक्यांमधून थेट आत जाऊन मज्जारज्जूच्या आवरणाला चिकटलेली असते. पाचव्याला बाहेर तोंडच नसतं, म्हणजे आपण वर बोललो ती बंद पिशवी. सहाव्यात नळी वरच संपते, पण धागा मात्र आवरणापर्यंत पोचतो.

वरून बघून यांतला कुठला ते कळत नाही. छिद्र बारीक म्हणून खोली कमी, असं नसतं.

पिल्लू खेळतंय, खातंय. मग ऑपरेशन कशाला?

हा प्रश्न रास्त आहे आणि उत्तर सगळ्यांसाठी एकच नाही. तोंड नसलेली, लहान, वरवरची गाठ असेल, वाढत नसेल, तर डॉक्टर ती नोंदवून लक्ष ठेवायला सांगू शकतात. पण तोंड असलेल्या नळीत जंतू शिरण्याची वाट कायम उघडी असते. आपल्या हवेत, पावसाळ्यात, ओल्या केसांत, तर विशेष. एकदा संसर्ग झाला की भोवतीचं मांस सुजून चिकटतं, नळीच्या भिंती कळेनाशा होतात आणि तीच शस्त्रक्रिया कितीतरी अवघड होते. म्हणून शांत असताना, पहिल्या संसर्गाच्या आधी, ती काढून टाकावी असं माझं मत आहे. पिल्लू भूल सोसण्याएवढं मोठं आणि तब्येतीने ठीक झालं की ठरवावं. घाईने दीड महिन्याच्या पिल्लाला टेबलावर घेण्याची गरज सहसा नसते.

ताबडतोब धाव घ्यावी अशी लक्षणं कोणती?

मान ताठ धरणं, खाली वाकून खाताना कण्हणं, पाठीला हात लावला की ओरडणं. मागचे पाय लटपटणं, पंजा उलटा टेकणं, जिना चढायला नकार. अंगात १०३ अंश फॅरनहाइटच्या वर ताप आणि सुस्ती. झटके. यांतलं काहीही, आणि सोबत मध्यरेषेवर फोड किंवा छिद्र, म्हणजे संसर्ग मज्जारज्जूच्या आवरणापर्यंत पोचल्याची शंका. ‘सकाळी नेऊ’ म्हणू नका, रात्रीच न्या.

आणि घरातली माणसांची वेदनाशामक गोळी देऊ नका. आयबुप्रोफेनसारखी औषधं कुत्र्याच्या पोटाला आणि किडनीला घातक आहेत.

हळद, मलम, कडुलिंबाचं पाणी चालेल का?

वरच्या कातडीवर लावलेलं काहीही खालच्या नळीला बरं करू शकत नाही. हळदीची पूड तर छिद्रात जाऊन बसते आणि आत आणखी एक परकी वस्तू होते. कोमट पाण्यात बुडवलेल्या स्वच्छ कापडाने वरचा स्राव हलक्या हाताने टिपा, बास. पिळायचं नाही. पिळल्यावर बाहेर येतं ते दिसतं, पण तेवढ्याच जोराने आत ढकललं जातं ते दिसत नाही.

एक आपल्याकडचा खास त्रास सांगायलाच हवा: माश्या. स्रावाच्या वासाने माश्या बसतात, अंडी घालतात आणि एक-दोन दिवसांत अळ्या होतात. लोक घाबरून टर्पेंटाइन, फिनेल, अगदी पेट्रोलही ओततात. एरवीच्या जखमेतही ते वाईट, पण जी नळी मज्जारज्जूपर्यंत जात असेल तिच्यात असलं काही ओतणं म्हणजे त्या जिवाचा छळ आहे. अळ्या दिसल्या तर जखम सैल, जाळीदार कापडाने झाका आणि दवाखान्यात आणा.

अँटिबायोटिकने बरं होतं का?

बरं वाटतं. पू थांबतो, तोंड मिटतं, सगळे खूश होतात. नळी तिथेच असते. औषध बंद झालं की काही आठवड्यांत तेच चक्र सुरू. शस्त्रक्रियेआधी संसर्ग शांत करायला औषध लागतंच, पण ते तेवढ्यासाठीच. ‘वर्षात चौथ्यांदा त्याच जागी पू’ असं ऐकलं की मी जखमेकडे बघण्याआधीच मध्यरेषा बघते.

कोणत्या तपासण्या कराव्या लागतात?

आधी साध्या: केस काढून नीट चाचपणं, रक्त तपासणी, पू असेल तर त्याचं कल्चर, म्हणजे त्यातले जंतू वाढवून ओळखणं. मग प्रश्न येतो खोलीचा. पूर्वी नळीत रंगद्रव सोडून एक्स-रे काढत, अजूनही काढतात. त्याने वाट दिसते, पण नळी आत कचऱ्याने बुजलेली असेल तर द्रव पुढे जात नाही आणि आपण तिला उथळ समजून बसतो. धाग्याच्या रूपाने पुढे गेलेला भाग तर त्यात कधीच दिसत नाही. मज्जारज्जूपर्यंतची गोष्ट बघायची तर एमआरआय सर्वात भरवशाचा, सीटी स्कॅन त्याखालोखाल.

प्राण्यांसाठी एमआरआयची सोय गावोगाव नाही, आणि खर्चही हलका नाही, हे मला माहीत आहे. प्रत्येकाला तो सांगायचा का? चाचपताना नळी वरवरची आणि मोकळी वाटते, पाय-मान सगळं ठीक आहे, अशा पिल्लात अनुभवी सर्जन तपासणीवरून आणि टेबलावर प्रत्यक्ष बघून पुढे जाऊ शकतो. पण लटपट, दुखणं, किंवा आधीची एखादी फसलेली शस्त्रक्रिया असेल, तर मी चित्र बघितल्याशिवाय कुणाला सुरी लावू देणार नाही. खाजगी ठिकाणी जमत नसेल तर परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय, सातारा जिल्ह्यातल्या शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय, नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय इथल्या शल्यचिकित्सा विभागात विचारा. परळची संस्था १८८६ पासून हे काम करते आहे.

मध्यरेषेवरच्या गाठीत ‘सुई घालून बघू’ असं कुणी म्हणालं तर आधी विचारा की ही गाठ खाली कशाला जोडलेली असू शकते का. एरवी सुईची तपासणी उत्तम, पण इथे तिची वेळ नंतरची.

शस्त्रक्रियेत काय करतात?

छिद्राभोवतीची कातडी डोळ्याच्या आकारात कापतात आणि नळीला धरून, तिला न फाडता, तिच्या बाजूबाजूने खाली जातात. शेवटचा धागा सापडेपर्यंत. काही सर्जन नळीत निळा रंग सोडतात, म्हणजे ती भोवतीच्या मांसातून उठून दिसते. नळी मणक्यांमधून आत जात असेल तर मणक्याचा वरचा भाग थोडा कोरून काढावा लागतो. हे काम कण्याच्या शस्त्रक्रिया नेहमी करणाऱ्याचं आहे, आणि ‘आमच्याकडे हे होत नाही, तिकडे जा’ असं सांगणारा डॉक्टर तुमचं भलंच करत असतो.

काढलेला तुकडा पॅथॉलॉजीला पाठवा. खर्च वाढतो म्हणून बरेच जण टाळतात. पण आत केसांची मुळं, तेलग्रंथी दिसल्या की निदान पक्कं होतं.

नंतर घरी काय काळजी घ्यायची?

जखमेला तोंड लावू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकचा कोन, दहा ते चौदा दिवस, टाके निघेपर्यंत. ‘फार केविलवाणा दिसतो’ म्हणून रात्री काढू नका, मागच्या पंजाने टाके उसवायला पाच मिनिटं पुरतात. मान किंवा खांद्यांवरची जखम असेल तर गळपट्टा अजिबात नको. हार्नेस घातला तर तोही जखमेवर घासत नाही ना हे बघा. उड्या, जिने, दुसऱ्या कुत्र्याशी मस्ती बंद.

मानेची कातडी सैल असते आणि खालून मोठी जागा मोकळी झालेली असते, त्यामुळे तिथे पाण्यासारखा द्रव साचून मऊ फुगवटा येतो. हे बऱ्याच वेळा होतं. ते दिसलं की घाबरून दाबू नका, आणि ‘परत आलं’ असंही समजू नका. फुगवटा मऊ आणि थंड असेल तर फोटो काढून डॉक्टरांना पाठवा, बहुतेक वेळा तो आपोआप जिरतो. गरम, लाल, दुखरा झाला तर लगेच या.

परत होतं का?

पूर्ण निघाला तर नाही. एक मिलिमीटरभर अस्तर मागे राहिलं तर होतं, कारण ते अस्तर कातडीच आहे आणि ती आपलं काम करत राहते. म्हणून पहिल्या शस्त्रक्रियेला नवखा हात आणि अपुरी तयारी असू नये. दुसऱ्या खेपेला आत सगळं वणांनी चिकटलेलं असतं.

आमच्या कुत्रीचं ऑपरेशन झालं, आता ती एकदम ठणठणीत आहे. एक वेत घेतलं तर?

नको. शस्त्रक्रियेने नळी गेली, वारसा गेला नाही. ती आणि तिचा भाऊ-बहीण यांच्यातही तोच धोका असू शकतो. माज संपल्यावर योग्य वेळी नसबंदी करून घ्या. रिजबॅक असेल आणि तिच्या निरोगी नातलगांना फळवायचा विचार असेल, तर त्यांच्यात एक प्रत आहे की दोन हे सांगणारी जनुकीय चाचणी मिळते. दुहेरी प्रतीची दोन कुत्री एकमेकांना लावू नका. सायनस होईल की नाही हे सांगणारी चाचणी मात्र नाही, कारण दुप्पट असलेल्या सगळ्यांना तो होत नाही.

गाभण कुत्रीला फॉलिक अॅसिड दिलं तर टळतं का?

माणसांमध्ये गरोदरपणाआधीपासून फॉलिक अॅसिड घेतल्याने बाळाच्या मज्जारज्जूचे दोष कमी होतात, हे पक्कं आहे. त्यावरून रिजबॅक पाळणारे बरेच जण कुत्रीला माजाच्या आधीपासून ते देतात. कुत्र्यांमध्ये त्याने सायनस टळतो हे मात्र तितकं पक्कं सिद्ध झालेलं नाही. द्यायचं तर डॉक्टरांना विचारून, आणि दिलं म्हणून चुकीची जोडी लावायची मोकळीक मिळत नाही.

पिल्लू विकत घेतलं तेव्हा हे सांगितलं नव्हतं. काय करू?

पिल्लू परत करून ‘दुसरं द्या’ म्हणण्याआधी विचारा, परत गेलेल्या पिल्लाचं काय होईल. मी विचारते तेव्हा बहुतेक जण गप्प होतात आणि त्याला ठेवून घेतात. पण ब्रीडरला लेखी कळवा, आई-बापांची नावं आणि वेताची तारीख घालून, म्हणजे तीच जोडी पुन्हा लावली जाणार नाही. बाकीची पिल्लं ज्यांच्याकडे गेली त्यांनाही शक्य असेल तर कळवा. आपल्याकडे २०१७ च्या नियमांनुसार कुत्र्यांचं प्रजनन करणाऱ्याला नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. घेतानाच नोंदणी विचारा, आणि पैसे देण्याआधी मघाशी सांगितल्याप्रमाणे मानेपासून शेपटीपर्यंत बोटं फिरवा. कुणी ‘एवढं काय बघताय’ म्हणालं तरी फिरवा.

नाकावरच्या छिद्रातून केस येतात. हेही तेच का?

त्याच कुळातलं. नाकाच्या दांड्यावर, बरोबर मधोमध, बारीक छिद्र आणि त्यातून येणारा स्राव किंवा केस. गोल्डन रिट्रीव्हर आणि स्पॅनियलमध्ये याच्या नोंदी आहेत. नळी कधी कधी कवटीच्या दिशेने आत गेलेली असते, म्हणून इथेही स्कॅन आधी, सुरी नंतर.

डोळ्याच्या बुबुळावर केस उगवलेत!

डोळ्याचा डर्मॉइड. कातडीचा छोटा तुकडा चुकून बुबुळावर किंवा डोळ्याच्या पांढऱ्या भागावर तयार झालेला असतो. त्यावरचे केस सतत घासून डोळा लाल होतो, पाणी येतं. डोळ्यांचे सर्जन तो वरवर खरवडून काढतात आणि निकाल सहसा चांगला असतो. केस घरी चिमट्याने उपटू नका.

पंजाच्या बोटांमध्ये गाठ येते, फुटते, परत येते. तीही जन्मजात?

सहसा नाही. तिला सगळे सिस्ट म्हणतात, पण ती बहुतेक वेळा केसांच्या मुळांची खोल सूज असते. वजन, अॅलर्जी, घासणं, कुसळ अशी कारणं शोधावी लागतात. तो स्वतंत्र विषय आहे.

घरात लहान मुलं आहेत. त्यांना लागण होईल का?

डर्मॉइड सायनस संसर्गजन्य नाही. पू हाताला लागला तर साबणाने हात धुवा. मुलांनी फक्त त्या जागी बोट घालू नये, आणि ते मुलांपेक्षा पिल्लासाठी.

पुढच्या लसीची वेळ आली आहे. देऊ का?

ताप नसेल, पिल्लू खात-पीत असेल तर द्या, रेबीजची तर चुकवूच नका. डॉक्टरांना फक्त आधी सांगा की मानेच्या मध्यरेषेवर सायनस आहे. ते सुई तिथे न टोचता बाजूला किंवा पायात टोचतील, आणि उद्या तिथे सूज आली तर ती कशाची हा घोळ होणार नाही.